होली ब्लॅकची फेअरींची पुस्तकं: सुरुवात कुठून करावी, कुठलं कधी वाचावं?

रानवारा

'सध्या काय वाचताय' या धाग्यात होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेचं नाव निघालं की हमखास हाच प्रश्न येतो आणि उत्तरं दोन दिवसांत वाहून जातात. म्हणून वेगळा धागा काढतेय. विनंती एकच: शेवटी गादीवर कोण बसतं, कोण मरतं, कोण कुणाचं निघतं हे इथे लिहू नका. अगदीच लिहायचं असेल तर वर ठळक 'रहस्यभेद' लिहा. या पुस्तकांची सगळी गंमत कुणाला काय कधी कळतं यावर आहे, आणि माझ्या मते वाचायचा क्रमही त्यावरूनच ठरायला हवा.

काय काय आहे ते आधी सांगते. 'टाइद' २००२ मध्ये आलं, 'व्हॅलियंट' २००५ मध्ये, 'आयर्नसाइड' २००७ मध्ये. या तिघांना मिळून 'मॉडर्न फेअरी टेल्स' म्हणतात. मग २०१५ मध्ये 'द डार्केस्ट पार्ट ऑफ द फॉरेस्ट', हे एकटं पुस्तक. त्यानंतर ती त्रयी, जिच्यामुळे आपल्याकडची आठवी-नववीची मुलंसुद्धा हे नाव घ्यायला लागली: 'द क्रुएल प्रिन्स' (जानेवारी २०१८), 'द विकेड किंग' (जानेवारी २०१९) आणि 'द क्वीन ऑफ नथिंग' (त्याच वर्षीचा नोव्हेंबर). त्रयीच्या आजूबाजूला दोन छोटी पुस्तकं आहेत, 'द लॉस्ट सिस्टर्स' आणि 'हाउ द किंग ऑफ एल्फहेम लर्न्ड टू हेट स्टोरीज'. शेवटी पुढच्या पिढीची जोडी: 'द स्टोलन एअर' (२०२३) आणि 'द प्रिझनर्स थ्रोन' (२०२४).

माझं मत स्पष्ट आहे. नव्या वाचकाने 'द क्रुएल प्रिन्स'च उघडावं.

पहिलंच प्रकरण बघा. रविवारची दुपार आहे. सात वर्षांची जूड गालिच्यावर बसून केचपमध्ये बुडवून फिश स्टिक्स खातेय, जुळी बहीण टॅरिन झोपलीय, मोठी व्हिव्ही टीव्हीसमोर आहे. दारात लांब कोट घातलेला एक माणूस येतो आणि काही मिनिटांत आई-वडील दोघंही मरून पडलेले असतात. मारणारा मॅडॉक हा फेअरींचा, म्हणजे युरोपीय लोककथांतल्या जादूई लोकांचा, सेनापती, आणि व्हिव्ही त्याची मुलगी. तो तिला न्यायला आलेला असतो, पण तिघींनाही घेऊन जातो आणि पोटच्या मुलींसारखं वाढवतो. पुढचं प्रकरण थेट दहा वर्षांनी सुरू होतं. जूड त्याच्या घरात जेवते, त्याच्याकडून तलवार शिकते, त्याच्यावर तिची मायाही आहे आणि त्याने काय केलं हे ती एक दिवसही विसरलेली नाही. इतकी अवघड गाठ पहिल्या वीस-पंचवीस पानांत बांधून होते. हे वाचून पोरगी पुस्तक खाली ठेवणार नाही.

दुसरं म्हणजे जूड माणूस असल्यामुळे तिथले नियम आपण तिच्याबरोबर शिकतो. मीठ खिशात का ठेवायचं, रोवनच्या फळांची माळ गळ्यात का घालायची, मोजे उलटे का घालायचे, तिथलं फळ का खायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम हा की फेअरींना खोटं बोलता येत नाही. जूडला येतं. दरबारात तिच्याकडे जादू नाही, कूळ नाही, आयुष्यही त्यांच्या मानाने चिमूटभर. तिच्याकडे खोटं बोलण्याची ताकद तेवढी आहे.

पुस्तकी_किडा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. 'द क्रुएल प्रिन्स' आधी याला अनुमोदन. पण 'द लॉस्ट सिस्टर्स' वाचणं खरंच गरजेचं आहे का? पन्नासेक पानांचं ई-बुक आहे, कथा पुढे सरकत नाही. मी तर सोडून दिलं आणि काही अडलं नाही.

रानवारा

किडा, कथा पुढे सरकत नाही हे खरं. पण ते सोडू नकोस. ते टॅरिनने जूडला लिहिलेलं पत्र आहे. पहिल्या भागात टॅरिन काय करते ते तुला माहीतच आहे आणि वाचकांचा तिच्यावर किती राग असतो तेही. तिची बाजू पटते असं मी म्हणत नाही, मला अजूनही पुरती पटलेली नाही. पण एकाच घरात, एकाच आघातातून गेलेल्या दोन जुळ्या मुलींपैकी एक लढायला का शिकली आणि दुसरी सगळ्यांत मिसळून जायला का शिकली, हे त्या पत्रातच कळतं. जूडच्या तोंडून ते कधीच कळणार नाही, कारण जूडला ते दिसतच नाही.

त्याची जागा मात्र पक्की आहे. 'द क्रुएल प्रिन्स' संपवून मगच. आधी वाचलं तर पहिल्या भागातला मोठा धक्का गेला.

जर्सीकर

रानवाराताई, फार मनापासून लिहिलंय, पण मी तुमच्याशी सहमत नाही. जसं प्रकाशित झालं तसंच वाचावं. 'टाइद' पहिलं.

कारण सांगतो. मी राहतो त्या राज्यात, न्यू जर्सीत, हे पुस्तक घडतं. लेखिका इथलीच. सोळा वर्षांची के, बारमध्ये गाणाऱ्या आईबरोबर गावोगाव फिरलेली, फिलाडेल्फियातून परत आजीच्या घरी येते, समुद्राकाठच्या उतरती कळा लागलेल्या गावात. मोडकळीला आलेलं बोर्डवॉक, त्यावरचा जुना फिरत्या पाळण्यातला घोडा, पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा कॉर्नी नावाचा मुलगा. ही गावं उन्हाळ्यात गजबजतात आणि सप्टेंबर संपला की ओस पडतात. बंद दुकानांच्या फळ्यांवर वाळू साचते. त्या ओसाडीत, पावसात, जंगलात के ला बाण लागून पडलेला एक जखमी सरदार सापडतो. रोबेन. ती त्याचा जीव वाचवते आणि बदल्यात त्याचं खरं नाव काढून घेते. खरं नाव माहीत असणं म्हणजे त्याच्यावर हुकूम चालवता येणं. तेव्हा तिला हे माहीत नसतं.

आता ताईंच्या नियमाबद्दल. फेअरींना खोटं बोलता येत नाही. 'आयर्नसाइड' मध्ये सगळ्यांदेखत प्रेम जाहीर केल्यावर रोबेन के ला एक कामगिरी देतो: खोटं बोलू शकणारा फेअरी शोधून आण. म्हणजे जे अस्तित्वातच नाही ते आण. अख्खं पुस्तक त्या एका नियमाभोवती फिरतं. ते पचवून मग 'द क्रुएल प्रिन्स' उघडा आणि जूडला बिनदिक्कत खोटं बोलताना बघा. अंगावर काटा येतो! तो नियम किती जुना, किती जड आहे हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं. उलट क्रमाने वाचणाऱ्याला ही चव मिळत नाही.

आणि रोबेन स्वतः 'द क्रुएल प्रिन्स' मध्ये येतो, जूड त्याच्याशी सौदा करायला जाते. 'टाइद' न वाचलेल्याला तो पांढऱ्या केसांचा कुणीतरी राजा. वाचलेल्याला मात्र तो जुना ओळखीचा, आणि त्याच्या शेजारी कोण उभं आहे हे बघून डोळ्यांत पाणी येतं.

धुकं

जर्सीकरदादा, 'रहस्यभेद' लिहायला हवं होतं ना? शेजारी कोण उभं आहे ते :(

जर्सीकर

नाव घेतलेलं नाही, पण मुद्दा मान्य. नव्या वाचकांनी तेवढं वाक्य मनावर घेऊ नये.

रानवारा

उलट धुकंने बरोबर जागी बोट ठेवलं. जर्सीकरांचा सगळ्यांत बळकट मुद्दा हाच आहे की 'द क्रुएल प्रिन्स' आधी वाचलं तर जुन्या जोडीचं काय झालं ते फुटतं. खरं आहे, फुटतं. पण किती? दोन-तीन पानांत, नाव आणि एक ओळख. दुसऱ्या बाजूला 'द स्टोलन एअर' आधी उघडलं तर त्रयीचा अख्खा शेवट सुरुवातीलाच हातात येतो. म्हणून माझ्या लेखी एकच क्रम अक्षम्य आहे, तो म्हणजे शेवटची जोडी पहिली वाचणं. बाकी वाद गोड आहेत.

तरीही नवख्या मुलीच्या हातात 'टाइद' पहिलं देऊ नये असं मला वाटतं ते वेगळ्या कारणाने. ते लेखिकेचं पहिलं पुस्तक आहे आणि ते कळतं. प्रसंग तुटक आहेत, दरबार पटकन येतो आणि पटकन जातो, राजकारणाचं कापड अजून विणलेलं नाही. त्यातला काळोख मला फार आवडतो. पण पहिलाच घास तो असेल तर बरीच मुलं अर्ध्यात सोडतात हे मी पाहिलंय. एल्फहेमवर, म्हणजे त्रयीतल्या फेअरींच्या राज्यावर, जीव जडलेली मुलगी मात्र रोबेनच्या त्या दोन-तीन पानांवरून 'हा कोण?' म्हणून मागे जाते आणि 'टाइद' हपापल्यासारखं वाचते.

धुकं

मी अकरावीत आहे, आणि माझ्या वर्गातल्या मुलींसाठी सांगते. माझ्या मैत्रिणीला अप्पा बळवंत चौकात फक्त 'द स्टोलन एअर' मिळालं आणि कव्हर सुंदर होतं म्हणून तिने तेच घेतलं. त्या जोडीचा तो पहिला भाग आहे ना. तिला वाटलं मालिकेची सुरुवात हीच. पहिल्या काही प्रकरणांत तिला कळलं राजा कोण, राणी कोण. मग 'द क्रुएल प्रिन्स' वाचताना तिला भीतीच वाटेना. जूड संकटात पडली की म्हणायची, होणार नाही काही.

तर विकत घेताना मालिकेचं नाव बघा. 'द फोक ऑफ द एअर' लिहिलेलं हवं. नुसतं 'अ नॉव्हेल ऑफ एल्फहेम' लिहिलेलं असेल तर ते नंतरचं.

आणि मला कार्डनबद्दल, म्हणजे 'द क्रुएल प्रिन्स' मधल्या त्या राजपुत्राबद्दल बोलायचंय. तो पहिल्या भागात अतिशय वाईट वागतो. जूडला नदीत ढकलणारी, तिचा रोज अपमान करणारी ती टोळी त्याचीच. नंतर त्याची गोष्ट कळते तेव्हा आपण विरघळतो, पण आधी त्याचा राग यायलाच हवा. म्हणून ते चित्रांचं पुस्तक सगळ्यांत शेवटी, प्लीज. मोठं नाव असलेलं.

रानवारा

धुकं, शंभर टक्के. 'हाउ द किंग ऑफ एल्फहेम' हे कार्डनचं बालपण आहे. राजवाड्यात कुणीच न सांभाळलेलं मूल, तबेल्यात मांजरीचं दूध पिऊन राहिलेलं. चित्रकार रोविना काय यांची चित्रं अप्रतिम आहेत. अॅस्लॉग नावाची एक ट्रोल, म्हणजे राक्षसासारखी, बाई त्याला दगडाच्या काळजाच्या मुलाची एकच गोष्ट वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी करून सांगते आणि दर वेळी गोष्टीचा अर्थ पालटतो. ते पातळसं, देखणं पुस्तक बघून वाटतं मुलांना आधी हेच द्यावं. देऊ नका. 'द क्वीन ऑफ नथिंग' च्या नंतरच्या प्रसंगानेच ते सुरू होतं, आणि वरून कार्डनबद्दलची दया पहिल्या पानापासून घेऊन 'द क्रुएल प्रिन्स' मध्ये शिरलं की त्या पुस्तकाचा कणाच मोडतो. जूडला त्याचा तिरस्कार वाटतो, आपल्यालाही तितकाच वाटला पाहिजे.

दोघींची_आई

मला क्रमापेक्षा वयाचं विचारायचंय. मोठी चौदाची, धाकटी दहाची. दोघी एकमेकींची पुस्तकं वाचतात, अडवून अडवणार किती? यातलं काय चालेल?

रानवारा

ताई, सरळ सांगते.

चौदाच्या मुलीला 'द क्रुएल प्रिन्स' द्यायला माझी हरकत नाही, पण आधी तुम्ही स्वतः वाचा. खून आहेत, छळ आहे, विष आहे. जूड रोज थोडं थोडं विष खाऊन शरीराला सवय लावते, ते प्रकरण अस्वस्थ करतं. शृंगार आहे तो त्रयीत बेताचा.

'टाइद' मध्ये सिगरेट, दारू, शिव्या सर्रास, आणि आईचं लक्ष नसलेली मुलगी. सोळाच्या पुढे म्हणेन मी. आणि 'व्हॅलियंट' सगळ्यांत जड. सतरा वर्षांची व्हॅल घरातून पळून न्यूयॉर्कला जाते, कारण घरी तिला जे दिसतं ते कुठल्याही मुलीला दिसू नये. भुयारी रेल्वेच्या वापरात नसलेल्या फलाटावर राहणाऱ्या मुलांमध्ये ती मिसळते. शहरात लोखंड इतकं की फेअरी आजारी पडतात, त्यावर रेव्हस नावाचा ट्रोल त्यांच्यासाठी औषध बनवतो. ही मुलं ते घरोघर पोचवतात आणि मध्येच चोरून सुईने स्वतःला टोचून घेतात, कारण माणसाला त्याने जादू चढते. व्यसन कसं लागतं, माणूस स्वतःशी कसं खोटं बोलतो, हे या पुस्तकाने जितकं खरं दाखवलंय तितकं किशोरांसाठीच्या पुस्तकांत मी कमी पाहिलंय. पहिला आंद्रे नॉर्टन पुरस्कार या पुस्तकाला मिळाला तो उगाच नाही. पण चौदाला नको, आणि वाचलं तर बरोबर बसून बोलणारं मोठं माणूस घरात हवं.

धाकटीसाठी वेगळं दार आहे, 'स्पायडरविक क्रॉनिकल्स'. होली ब्लॅक आणि टोनी डिटर्लिझी, २००३ आणि २००४ मध्ये आलेली पाच छोटी पुस्तकं. जॅरेड, सायमन आणि मॅलरी ही भावंडं एका जुन्या घरात राहायला येतात आणि त्यांना अदृश्य प्राण्यांची माहिती लिहिलेली वही सापडते. चित्रं आहेत, भीती आहे ती झेपेल इतकी. आणि फेअरी गोड नसतात, चिडल्या की केस गाठी मारून पलंगाला बांधतात, हे तिथेच कळतं. पुढे एल्फहेमला जाताना ती शिदोरी उपयोगी पडते.

दोघींची_आई

खूप आभार. 'व्हॅलियंट' मी स्वतःसाठी मागवते.

निवृत्त_प्राध्यापक

चर्चा वाचून आनंद झाला. मी इंग्रजी साहित्य शिकवत असे. नातीने 'टाइद' हातात दिलं आणि शीर्षक बघूनच मी बसलो.

हा टाइद, म्हणजे दशमांश, आला आहे स्कॉटलंडच्या 'टॅम लिन' या जुन्या पोवाड्यातून. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ लोकगीतं संकलित केली, त्यात याचा क्रमांक ३९. फेअरींना दर सात वर्षांनी नरकाला एक देणं द्यावं लागतं, आणि त्यात माणसाचा बळी दिला जाईल अशी टॅम लिनला धास्ती आहे. तो माणूस, पण फेअरींच्या राणीने पकडून नेलेला. सेल्कर्कजवळ एट्रिक आणि यारो या दोन नद्या जिथे मिळतात तिथलं कार्टरहॉचं रान हे त्याचं ठिकाण. तिथे जॅनेट नावाची मुलगी जाते, गुलाब तोडते आणि तो समोर उभा राहतो. त्याला सोडवायचा मार्ग एकच. हॅलोवीनच्या रात्री फेअरींची स्वारी निघेल, त्यातून पांढऱ्या घोड्यावरून त्याला खाली ओढायचं आणि घट्ट धरून ठेवायचं. तो तिच्या हातांत साप होईल, हिंस्र पशू होईल, तापलेलं लोखंड होईल. सोडायचं नाही. जॅनेट सोडत नाही.

मुद्दा असा की तिथे नायिका नुसती वाट बघत बसलेली नाही, ती हात भाजून घेऊन माणूस परत आणते. के, व्हॅल आणि जूड तिघी जॅनेटच्याच वंशातल्या आहेत. म्हणून क्रमाच्या वादात माझी भर एवढीच: 'टाइद' जेव्हा वाचाल, पहिलं किंवा सहावं, त्याच्या आदल्या संध्याकाळी हा पोवाडा वाचा. चार-पाच पानांचा आहे. मग 'टाइद' मध्ये बळीच्या रात्रीचा प्रसंग येतो तेव्हा त्याच्या मागे कित्येक पिढ्यांनी गायलेलं गाणं ऐकू येतं. 'द क्रुएल प्रिन्स' साठी ही तयारी लागत नाही, ते राजदरबाराचं पुस्तक आहे.

जर्सीकर

सर, फार सुंदर. हे मला माहीतच नव्हतं. आता 'टाइद' परत काढतो.

मांडवी

सरांचं वाचून आमच्या गोव्याच्या देवचाराची आठवण आली. सीमेवर राखण करतो, मान दिला तर वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, बोललेला शब्द पाळला नाही तर सोडत नाही. आजी सांगायची त्या गोष्टींत देवचाराशी बोलताना माणसं शब्द तोलून वापरायची. 'द क्रुएल प्रिन्स' मधले सौदे वाचताना मला ते अजिबात परकं वाटलं नाही.

माझा प्रश्न 'द डार्केस्ट पार्ट ऑफ द फॉरेस्ट' चा. कुणीच बोललं नाही त्याबद्दल. मला तर सगळ्यांत तेच आवडतं.

रानवारा

मांडवी, बरं झालं विचारलंस. ज्याला मालिकेत अडकायचंच नाही, फक्त एक पुस्तक वाचून बघायचंय, त्याला मी डोळे मिटून हेच देते. फेअरफोल्ड नावाचं गाव, जिथे माणसं आणि फेअरी शेजारी राहतात आणि पर्यटकच बळी पडतात. जंगलात काचेच्या शवपेटीत शिंगं असलेला एक राजपुत्र पिढ्यान्‌पिढ्या झोपलाय. गावातली पोरं त्या काचेवर चढून पार्ट्या करतात, नाचतात. हेझल आणि तिचा भाऊ बेन, दोघंही लहानपणापासून त्या झोपलेल्या मुलाच्या प्रेमात. आणि एक सकाळ अशी येते की पेटी फुटलेली, आत कुणी नाही.

हेझल रात्री कोण असते आणि दिवसा कोण असते, याचा उलगडा इतका नेटका आहे की पुस्तक संपल्यावर परत पहिल्या पानावर जावंसं वाटतं. शिवाय बेनचं प्रेम हेझलच्या प्रेमाइतकंच मोलाचं धरलंय, त्याला कोपऱ्यात ठेवलेलं नाही. २०१५ साली किशोरांच्या पुस्तकात हे मला फार महत्त्वाचं वाटलं होतं.

क्रमात त्याची जागा लवचीक आहे. त्रयीच्या आधी वाचलं तर त्रयीत ऑल्डरकिंगचं, म्हणजे इथल्या फेअरी राजाचं, नाव निघालं की कान टवकारतात. नंतर वाचलं तरी काही बिघडत नाही.

पुस्तकी_किडा

मग जुन्या तिघांत 'व्हॅलियंट' वगळून 'टाइद' वरून थेट 'आयर्नसाइड' वर गेलं तर? के ची गोष्ट सलग होईल. 'व्हॅलियंट' मध्ये ती जवळजवळ नाहीच.

जर्सीकर

नको! 'व्हॅलियंट' मधला लुईस 'आयर्नसाइड' मध्ये येतो आणि कॉर्नीच्या गोष्टीत त्याचं मोठं स्थान आहे. लुईस एका डोळ्याने अंध का, फेअरींवर त्याचा इतका राग का, भावाचं काय झालं, हे न कळता तो 'आयर्नसाइड' मध्ये भेटला तर नुसता तुसडा मुलगा वाटतो. तिघं याच क्रमाने. यावर तरी ताईंचं आणि माझं एकमत असावं.

रानवारा

आहे, पूर्ण. फक्त दोघींची_आई यांना सांगितलं तसं, ज्याला व्यसनाचं वर्णन झेपणार नाही त्याने ही तिन्ही पुस्तकं दोन वर्षं थांबून वाचावीत. त्रयी त्यांच्यावाचून अडत नाही.

केतकीचं_बन

आज सकाळी 'द क्वीन ऑफ नथिंग' संपलं. 'लॉस्ट सिस्टर्स' मधल्या वेळात वाचलं होतं, चित्रांचं पुस्तकही मागवलंय. मला आता थेट 'द स्टोलन एअर' घ्यायचंय, ओकसाठी, जूडच्या त्या धाकट्या भावासाठी, जीव तुटतोय. पण वरची चर्चा वाचून वाटलं आधी 'टाइद' वगैरे करावं का? काही फुटेल का?

रानवारा

केतकी, थेट घे. ओक तुझ्या मनात ताजा आहे, मध्ये तीन पुस्तकांचा खंड पाडू नकोस. 'क्वीन ऑफ नथिंग' मधली ती लहान राणी सुरेन आठवते ना, टीथ दरबाराची? दातओठ खाऊन गप्प उभी असलेली? 'द स्टोलन एअर' तिच्या तोंडून आहे. आठ वर्षं झालीत, ती रानात एकटी राहते. ज्या माणसांच्या घरात ती लहानपणी वाढली त्यांच्या खिडकीतून ती रात्री आत बघते आणि त्यांना कळू देत नाही. फेअरींशी भोळेपणाने सौदे करून बसलेल्या माणसांचे शाप ती गुपचूप सोडवत फिरते. आणि मग सतरा वर्षांचा ओक येतो, देखणा, गोडबोल्या, आणि तो खरं काय ते सांगतोय का हे तिला कळत नाही. खोटं तर त्याला बोलता येत नाही, तरीही. एका लगामाची गोष्टही पुढे येते. तो कुठून आला हे तुला माहीतच आहे, म्हणून ते वाचताना तुझ्या पोटात गोळा येईल.

केतकीचं_बन

मागवलं! 'द प्रिझनर्स थ्रोन' पण लगेच घेऊ की वाचून झाल्यावर?

धुकं

लगेच घे ताई, दोन्ही एकदम. 'स्टोलन एअर' ज्या वाक्यावर संपतं त्यानंतर पार्सलची वाट बघणं शक्यच नाही. दुसरा भाग ओकच्या बाजूने आहे आणि त्यात जूड बहीण म्हणून दिसते, बाहेरून. आपण तीन पुस्तकं तिच्या डोक्यात राहिलेलो असतो ना, त्यामुळे ती इतरांना किती भीतीदायक वाटते हे तिथे पहिल्यांदा कळतं. मला ते वाचून तिचा फार अभिमान वाटला.